मोळी, आंघोळ आणि शील

खानदेशात मुलांच्या संस्कारांविषयी बोलणे निघाले की सानेगुरुजींचे नाव आल्याशिवाय राहत नाही. ते स्वाभाविकच आहे. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली व १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ ही तर मराठी मध्यमवर्गाची पोथीच झाली. पोथीची पारायणे होतात, समीक्षा होत नाही. म्हणूनच ती करणे अगत्याचे आहे.

पुस्तकात एक प्रसंग आहे. महारवाड्यातल्या एका म्हातारीला मोळी डोक्यावर चढवता येत नाही. आई श्यामला सांगते, मोळी उचलून दे आणि मग आंघोळ कर. सवर्ण वाचकाला येथे आईची करुणा दिसते. ती करुणा खोटी आहे असे मी म्हणत नाही; त्या काळातल्या ब्राह्मण घरात तेही धाडसच होते. परंतु माझी नजर आंघोळीवर अडते. ती म्हातारीही कुणाची तरी आई होती. तिच्या नातवाने या प्रसंगातून कोणता संस्कार घ्यायचा? त्याच्या आजीला मदत केल्यावर अंग धुवावे लागते, हाच ना?

हे शील व्यक्तीला हळवे करते, व्यवस्थेला हात लावत नाही. अशा शीलाची मर्यादा चाळीसगावने पाहिली आहे. १९२९ साली धुळे मार्गावरच्या एका गावाहून परतताना बाबासाहेब चाळीसगावी उतरले. महाराला टांग्यात बसवून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला आणि आपल्यातलाच एक नवशिका माणूस हाकायला बसवला. टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. त्या टांगेवाल्यांनाही आया होत्याच. खोटे बोलू नये, चोरी करू नये, हे त्यांनीही शिकवलेच असेल. बॅरिस्टर झालेल्या माणसाचा विटाळ मानू नये, एवढे मात्र कुणी शिकवले नव्हते.

याउलट रामजी सुभेदारांकडे पाहावे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या, पहिल्या आवृत्तीत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी वडिलांची आठवण दिली आहे. सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. कशासाठी, असे मुलाने विचारले तेव्हा त्यांचे उत्तर होते, अस्पृश्य म्हणून मनात बसणारा न्यूनगंड जावा यासाठी. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. भीष्म-द्रोण त्याला ढोंगी वाटले, आणि तसे त्याने बापाला सांगितले. माझ्या मते शीलाचे शिक्षण ते हेच. पोथी तीच होती; पण वाचण्याचे प्रयोजन वेगळे होते आणि मुलाला ‘नाही’ म्हणण्याची मुभा होती.

माझ्या बापाने रावेरकडे केळीचे घड वाहिले. मी पदवीधर झालो त्या दिवशी तो एवढेच म्हणाला, “आता साहेबापुढे मान खाली घालून बोलू नको, आन् गरिबापुढे मान वर करून बोलू नको.” आमच्या वस्तीतले आईबाप मुलाकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा फारशी करत नाहीत; आज्ञा पाळण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या आहेत. त्यांची आशा ताठ कण्याची असते. पण बापाच्या वाक्याचा उत्तरार्ध आमच्यातले किती नोकरदार पाळतात, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. वस्ती सोडून कॉलनीत गेल्यावर वस्तीकडे पाठ फिरवणारा सुशिक्षित हा आंघोळ करून घेतलेला श्यामच आहे.

गुरुजींवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवतो. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. मंदिरप्रवेशाने आमचा प्रश्न सुटत नव्हता, हे खरे. तरी मुलगा आईच्या शिकवणीच्या पुढे गेला, हे त्याहून खरे. आई म्हणाली आंघोळ कर. मुलाने देवालाच विचारले, विटाळ कसला?

‘श्यामची आई’ वर्गात जरूर शिकवावी. पण म्हातारीच्या बाजूने शिकवावी. आईने लावलेली आशा आईच्याही पुढे जाते तेव्हाच ती फळते, हे मुलांना कळले पाहिजे.