येरमाळ्याचा चौफुला आणि मार्गेतिहासाचीं साधनें

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा 'ॲट द क्रॉसरोड्स' हा मातृदेवतांच्या स्थानांविषयींचा निबंध १९६० सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला व १९६२ सालीं 'मिथ अँड रिॲलिटी' या त्यांच्या ग्रंथांत समाविष्ट झाला. महाराष्ट्रांतील जुन्या वाटांचा विचार करणारास हा निबंध टाळून पुढें जातां येत नाहीं. चारुदत्त आपल्या मैत्रेयाला चव्हाट्यावर मातृकांसाठीं बलि ठेवून येण्यास सांगतो, या संस्कृत नाटकांतील साध्या प्रसंगावरून कोसंबींनीं प्रश्न उपस्थित केला कीं, या देवतांना चव्हाटाच कां हवा ? उत्तरासाठीं केवळ पोथ्यांवर न विसंबतां ते पुण्याच्या आसपासच्या माळांवर व कऱ्हेच्या खोऱ्यांत पायीं हिंडले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, गांवें वसण्यापूर्वींच्या भटक्या टोळ्यांच्या वाटा जेथें मिळत, तेथें त्यांच्या आयांचीं ठाणीं झालीं. पुढें व्यापारी तांडे त्याच वाटांनीं चालूं लागले. आणि गारगोटीचीं सूक्ष्म हत्यारें अशा ठाण्यांच्या आसपास सांपडतात तीं याच कारणानें.

हा सिद्धांत पुण्याच्या पलीकडे, बालाघाटावर, कितपत टिकतो हें पाहण्यास धाराशिव जिल्ह्यांतील येरमाळा हें ठिकाण फार सोयीचें आहे. कळंब तालुक्यांतील या गांवाबाहेरच्या डोंगरावर येडेश्वरीचें, म्हणजे लोकांच्या येडाईचें, देऊळ आहे. गांवापाशीं दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात : सोलापूर–तुळजापूर–धाराशिव–बीड हा दक्षिणोत्तर आणि बार्शी–कळंब–केज हा पूर्वपश्चिम. देवी आहे, चौफुला आहे. मग कोसंबींचा सिद्धांत येथें आयताच सिद्ध झाला, असें म्हणण्याचा मोह कोणासहि होईल. प्रस्तुत लेखाचा हेतु हा मोह आवरावा एवढाच नाहीं. तो ज्या साधनांच्या वाचनांतून उत्पन्न होतो, त्या साधनांची चिकित्सा करणें हा आहे.

प्रथम आजच्या रस्त्यांचे क्रमांक घेऊं. दक्षिणोत्तर रस्त्यास पूर्वीं २११ हा राष्ट्रीय क्रमांक होता. २०१० सालच्या नव्या क्रमपद्धतीनें तो पंजाबांतील संगरूरपासून कर्नाटकांतील अंकोल्यापर्यंत जाणाऱ्या ५२ क्रमांकाच्या मार्गाचा एक तुकडा झाला. पूर्वपश्चिम रस्ता आतां साताऱ्याहून अकलूज, बार्शी, येरमाळा, कळंब, केज असा वऱ्हाडाच्या रोखानें जाणाऱ्या ५४८ सी या मार्गांत मोडतो. संगरूर आणि अंकोला यांचा येरमाळ्याशीं इतिहासांत कोणताहि संबंध नाहीं, हें सांगावयास संशोधक नको. परंतु हाच न्याय जुन्या वर्गवारीसहि लावावा लागतो, आणि तेथें मात्र आमचे लेखक चुकतात. राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक म्हणजे पुढें राज्य मार्ग, मोठे जिल्हामार्ग, इतर जिल्हामार्ग व ग्राममार्ग ही पंचविध वर्गवारी १९४३ सालच्या नागपूर येथील मुख्य अभियंत्यांच्या परिषदेंतून आली. त्या योजनेचें सूत्र असें होतें कीं, लागवडीखालील समृद्ध प्रदेशांत कोणतेंहि गांव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर नसावें, आणि मोठ्या ठिकाणांहून रस्ते ताऱ्याच्या किरणांप्रमाणें फुटून एकमेकांस जाळ्यासारखे मिळावेत. म्हणजे अमुक रस्ता राज्यमार्ग आहे, यावरून तो अभियंत्यांस कोणत्या कामाचा वाटला हें कळतें. तो केव्हांपासून चालता आहे हें कळत नाहीं. जाळें विणावयाचें ठरलें कीं चौफुले पडणारच. त्यांतील प्रत्येक चौफुल्यावर प्राचीनत्व बसवूं गेल्यास महाराष्ट्रांत अर्वाचीन गांवच उरणार नाहीं.

राज्य गॅझेटियरांच्या मालेंत उस्मानाबाद जिल्ह्याचा खंड १९७२ सालीं निघाला. या मालेंतील दळणवळणाच्या प्रकरणांची रचना याच वर्गवारीवर उभी आहे : रस्ता कोठून निघतो, कोणत्या गांवांवरून जातो, जिल्ह्यांत त्याची लांबी किती, अशी वर्गवार मोजदाद. कारभारासाठीं ही पद्धत उत्तम, परंतु इतिहासकारास ती फसवते. कारण निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या सत्तांनीं बांधलेले तुकडे तींत एका ओळींत व एका वर्तमानकाळांत येतात. बार्शीहून येरमाळ्यास येणारी सडक हें याचें चांगलें उदाहरण आहे.

बार्शी इंग्रजी मुलुखांत, सोलापूर जिल्ह्यांत, येरमाळा मोगलाईंत. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूखहि इंग्रजांच्या स्वाधीन केला. या काळांत कॅप्टन मेडोज टेलर नळदुर्गास राहून त्याचा कारभार पाहत होता. १८५७ त तो वऱ्हाडांत गेला. १८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर दुआब परत निजामाकडे गेले. म्हणजे सात वर्षें वगळतां बार्शी आणि येरमाळा यांच्या मधून दोन सरकारांची हद्द गेली होती, आणि हद्द म्हटली कीं करोडगिरीचीं नाकीं आलीं. बार्शीची पेठ बालाघाटावरील मालावर पोसलेली. तेव्हां ही वाट चालती होती यांत शंका नाहीं. परंतु तिच्या एका टोकाची दुरुस्ती मुंबई इलाख्याचें बांधकाम खातें करी व दुसऱ्याची निजामाचें तामिरात खातें, हें ध्यानांत घेतल्यावांचून तिचा इतिहास लिहितां येणार नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. तेव्हां कोठें या सडकेचीं दोन्हीं टोकें एका राज्यांत आलीं.

टेलरच्या आत्मचरित्राविषयीं येथेंच दोन शब्द लिहितों. तें त्याच्या मृत्यूनंतर १८७७ सालीं त्याच्या कन्येनें प्रसिद्ध केलें. नळदुर्गच्या कारभाराचें तें वाचनीय साधन आहे. परंतु तो अधिकाऱ्यानें उतारवयांत स्वतःच्या कर्तबगारीविषयीं लिहिलेला मजकूर आहे, आणि रस्त्याच्या आंखणीस आधार म्हणून तो एकटा पुरा पडत नाहीं. ज्यांना कादंबरीकार टेलर आवडतो त्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

रेल्वेनें या हद्दीच्या प्रश्नास वेगळेंच वळण दिलें. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची लोहमार्गिका १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीस आली, १९०७ च्या सुमारास तडवळ्यापर्यंत वाढली व १९११ त लातुरास पोंचली. बालाघाट चढण्यास तिनें रामलिंगावरून येडशीची वाट धरली, येरमाळ्याची नव्हे. मालाचा ओघ स्टेशनांकडे वळला आणि येरमाळ्यास राहिली ती सडक. यामुळें एक गोष्ट निश्चित कळते : बार्शीहून बालाघाटावर येण्यास एकच नैसर्गिक वाट नव्हती, निवड होती; आणि ती निवड प्रत्येक युगानें आपल्या वाहनाप्रमाणें केली. बैलाच्या पाठीवरील गोणीस जो चढ चालतो तो गाडीस चालत नाहीं, आणि गाडीस चालतो तो इंजिनास चालत नाहीं. बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० त खुला होण्यापूर्वीं कोंकण आणि देश यांच्यामधला त्या घाटांतील माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जाई, हें सर्वश्रुत आहे. वाट आणि सडक या दोन वेगळ्या वस्तु आहेत. एकीच्या पुराव्यानें दुसरी सिद्ध करणें हा मार्गेतिहासांतील नेहमींचा प्रमाद होय.

दक्षिणोत्तर रस्त्याची गोष्ट याहून नाजूक आहे. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपति संभाजीनगर), बीड, धाराशिव हीं मोगलाईंतील कारभाराचीं ठाणीं. त्यांना जोडून इंग्रजी सोलापुरास भिडणारी रेषा ही कारभाराची रेषा आहे. तीच पैठण–तेर हा प्राचीन मार्ग होय, असें विधान सहज केलें जातें. पेरिप्लसकारानें भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर सांगितलें आहे, आणि तेथील माल गाड्यांतून रस्ता नसलेल्या विकट प्रदेशांतून येतो असें म्हटलें आहे. तगर म्हणजे तेर हें फ्लीटनें १९०१ त मांडलें व तें आतां मान्य आहे. तेर येथील लामतुरे वस्तुसंग्रहालय ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना त्या नगराच्या वैभवाविषयीं अधिक सांगणें नको. परंतु ग्रीक लेखकानें मधला एकहि मुक्काम दिलेला नाहीं, दिशाहि ढोबळ आहे. पैठण व तेर यांमध्यें रेघ ओढून ती येरमाळ्यावरून नेणें हें नकाशा मांडीवर घेऊन केलेलें संशोधन झालें.

मध्ययुगाचा पुरावा तर उलट दिशेस जातो. १५४९ त अहमदनगरास ओतलेली मुलूख-इ-मैदान ही सुमारें ५५ टनांची तोफ परंड्यास होती. १६३२ त ती मुरार जगदेवानें विजापुरास नेली. असलें धूड ज्या वाटेनें ओढतां येतें ती जड वाहतुकीची वाट म्हणावयास हरकत नाहीं. परंडा, आणि तेथून विजापूरकडचा प्रदेश, हा बालाघाटाच्या पश्चिमेस व दक्षिणेस सिना–भीमेच्या सपाटीवर आहे. या भागाच्या किल्ल्यांचीं नांवें घेऊं लागल्यास परंडा, नळदुर्ग, औसा हीं येतात. येरमाळ्याचें ठाणें त्या मालिकेंत येत नाहीं. फौजेस जें महत्त्वाचें वाटलें नाहीं तें भटक्यांस वाटलें नसेल असें मात्र यावरून ठरत नाहीं, आणि कोसंबींचा मुद्दा फौजेचा नसून भटक्यांचाच आहे.

म्हणून त्यांच्या बाजूनें काय म्हणतां येईल तें पाहूं. सीतेच्या शोधांत हिंडणाऱ्या रामाची परीक्षा पाहण्यास पार्वती सीतेचें रूप घेऊन आली, रामानें तिला ओळखलें, आणि "तू कां आई" या उद्गारावरून ती तुळजापुरास तुकाई झाली, तर वेडी म्हटल्यावरून येरमाळ्यास येडाई झाली, अशी कथा या भागांत सांगतात. येडशीजवळच्या रामलिंगास जटायूची कथा जोडलेली आहे. या व्युत्पत्ति भाषाशास्त्रास पटणाऱ्या नाहींत. कोसंबींनींहि बोल्हाई, मेंगाई अशा नांवांपाशीं संस्कृतीकरणाचा मागमूस न लागणें हीच खूण मानली होती. परंतु कथेचा भूगोल पाहा : तुळजापूर, रामलिंग, येरमाळा. हीं स्थानें एका ओळींत येतात, आणि ती ओळ आजच्या दक्षिणोत्तर रस्त्याच्या आसपासच आहे. कथा रचणाराच्या पायांखालीं यात्रेकरूंची एक वाट होती, एवढें यावरून म्हणतां येतें. ती किती जुनी, हें कथा सांगत नाहीं. सडक आंखणाऱ्यांनीं ती वाट उचलली, कीं सडकेच्या सोयीनें यात्रेकरू व कथा दोन्हीं तिच्याकडे सरकलीं, हा प्रश्न मोकळाच राहतो.

दुसरें असें कीं, येडाईचें देऊळ चौफुल्यावर नाहीं, डोंगरावर आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत देवीची पालखी डोंगर उतरून चुन्याच्या रानांत जाते, तेथें भाविक चुनखडीचे खडे वेचतात, आणि पालखी पुढें आमराईंत राहते. यात्रेचें हृदय त्या रानांत आहे, रस्त्यांच्या छेदांत नाहीं. कोसंबींना हें विरुद्ध वाटलें नसतें. देवीचें मूळ ठाणें बहुधा गांवाबाहेर असतें व पालखी त्या जुन्या जागेची आठवण ठेवते, असेंच त्यांच्या विचारसरणीवरून निघेल. मग सिद्धांताची परीक्षा सडकेच्या चौफुल्यावर नव्हे, त्या रानांत आणि तेथें जाणाऱ्या पाऊलवाटांवर घेतली पाहिजे. आमचा आक्षेप कोसंबींच्या पद्धतीवर नाहीं. ते चालले, दगड वेंचले, मग बोलले. आक्षेप आहे तो त्यांचें नांव घेऊन रस्त्यांच्या नकाशावर बोट ठेवणारांवर.

आतां साधनांविषयीं. आमच्या संग्राहकांची दृष्टि सनदा, महजर, करीने यांवर खिळलेली असते. सडकेच्या कागदाला ते दप्तर मानीत नाहींत. त्यामुळें या विषयाचें खरें साहित्य रद्दींत जात आहे. निजामाच्या खात्यांची भाषा आधीं फारशी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकापासून उर्दू. गांवचे कागद मोडींत. बार्शीकडील बाजू इंग्रजींत. एकाच सडकेस तीन लिप्या लागतात, आणि तिन्ही वाचणारा मनुष्य दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. १९६२ त जिल्हा परिषदा झाल्यावर इतर जिल्हामार्ग व ग्राममार्ग त्यांच्याकडे गेले, राज्यमार्ग व मोठे जिल्हामार्ग बांधकाम खात्याकडे राहिले. त्यामुळें पुढील कागदहि दोन दप्तरखान्यांत विभागले. मैलांचीं गणना जाऊन किलोमीटर आले तेव्हां मैलाचे दगड निरुपयोगी ठरले. येडशी ते संभाजीनगर हा सुमारें १८९ किलोमीटरांचा टप्पा चौपदरी करण्यांत आला. रुंदीकरण म्हणजे जुन्या कडेचा नाश. कडेचीं झाडें, जुन्या मोऱ्या, दगड, हीच सडकेचीं लिखितें होत. जेथें असा दगड अजून उभा असेल तेथें त्याचा ठसा व स्थान टिपणें हें एखादा अर्धवट महजर मिळविण्याइतकेंच अगत्याचें आहे.

गांवनकाशे तर याहून सोपे. त्यांत गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनें व पाऊलवाट एकेरी तुटक रेघेनें दाखविलेली असते. वाजिब-उल-अर्ज या नोंदींत वहिवाटीचे हक्क लिहिण्याची तरतूद १९६६ च्या महसूल संहितेंतहि आहे. येरमाळ्याच्या गांवनकाशावर डोंगरापासून चुन्याच्या रानापर्यंत व तेथून आमराईपर्यंत पालखीची वाट भूमापन क्रमांकांसह आंखावी, आणि ती सडकेपाशीं येऊन थांबते, कीं सडक ओलांडून आपल्या जुन्या रेघेनें पुढें जाते, हें पाहावें. ओलांडून जात असेल, आणि तिच्या कडेला गारगोटीच्या कपच्या मिळाल्या, तर कोसंबींच्या पक्षास बालाघाटावर आधार मिळेल. सडकेस मिळून संपत असेल, तर येरमाळ्याचा चौफुला अभियंत्यांच्या पदरीं घालणें प्राप्त होईल.