देहलीदीप आणि फ्लडलाइट



विषय जाहीर झाला तेव्हा पहिल्या दोन रांगांत हसू पसरलं, ते मी पाहिलं. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस दाराबाहेरच्या दिव्याबद्दल काय बोलणार? त्यापेक्षा इलेक्ट्रिशियन बोलावला असता तर बरं. पण इलेक्ट्रिशियन आपल्याला काय विचारतो? "साहेब, दिवा कुठे लावू?" आणि आपण म्हणतो, "लाव दारावर, मधोमध." या एका वाक्यात आपण काय ठरवून टाकतो, ते मला आज तपासायचं आहे.

संस्कृतात देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे. देहली म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि अंगणातही. वाक्यात मधे आलेलं एखादं पद मागच्याशीही जोडायचं असतं आणि पुढच्याशीही, तेव्हा टीकाकार या न्यायाचा आधार घेतात. हे मला नीट समजावलं ते आमच्या कॉलेजातल्या संस्कृतच्या प्राध्यापकाने, स्टाफरूममध्ये, चहाची कपबशी टेबलाच्या कडेवर ठेवून. चाळीस वर्षांचा मित्र. त्याचं नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत दोन चोऱ्या झाल्या. मुलगा बाहेरगावी असतो, तो काळजीत पडला. सुट्टीत आला तेव्हा त्याने दाराच्या चौकटीवर 50 वॅटचा एलईडी फ्लडलाइट बसवून घेतला. मीच म्हटलं होतं, 50 वॅट म्हणजे काय विशेष नाही, पूर्वी आपल्याकडे 60चा बल्ब होता. ही चूक माझ्या पिढीतले बहुतेक सगळे करतात. आपण उजेड वॅटमध्ये मोजतो. वॅट हा विजेचा खर्च झाला. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, आणि तो आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत असतो. जुना 60चा पिवळा बल्ब साधारण 700-800 ल्युमेन द्यायचा, आज तेवढा उजेड 8-9 वॅटचा एलईडी देतो. 50 वॅटचा फ्लडलाइट देतो चार-पाच हजार. म्हणजे मी जुने सहा बल्ब एकत्र बांधून, वीतभर काचेत कोंबून, येणाऱ्याच्या तोंडावर रोखले होते.

त्या पावसाळ्यात मित्र एका संध्याकाळी आला. गप्पा झाल्या, आठ वाजता उठला. मी दारापर्यंत गेलो. आमच्या दारापुढे पाच पायऱ्या आहेत. "येतो रे," म्हणाला, आणि तिसऱ्या पायरीवर पडला. खुब्याचं हाड मोडलं. वय 76.

लोक म्हणाले, पायरी ओली होती, वय झालं होतं. दोन्ही खरं. पण दुसऱ्या रात्री मी त्याच वेळेला त्याच पायऱ्या उतरून पाहिल्या. दिवा माझ्या डोक्यामागे आणि वर. माझी सावली माझ्या पुढे. जिथे पाय टाकायचा ती पायरी नेमकी सावलीत, आणि पाय उचलला की सावलीही एक पायरी पुढे सरकते. अंगण लख्ख, फाटक लख्ख, पलीकडच्या शेजाऱ्याची गाडी लख्ख, आणि पुढची पायरी तेवढी काळी. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो मी पैसे देऊन बसवून घेतला होता.

याच्या जोडीला आपले डोळे. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एकतृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडतं. मग म्हाताऱ्यांना जास्त उजेड हवा, हे ओघानं आलं. पण तेच भिंग गढूळ झाल्यामुळे समोरून आलेला झगमगाट आत विखुरतो, आणि डोळे दिपले की सावरायला वेळही जास्त लागतो. उजेड जास्त हवा, पण दिव्याचा उगम डोळ्यांसमोर नको, अशी ही दुहेरी मागणी आहे. आकाशकंदिलात ती पुरी होते. आत बल्ब तोच, पण उजेड कागदाच्या हातभर पृष्ठभागावर पसरलेला असतो, म्हणून आपण त्याच्याकडे टक लावून पाहू शकतो. डोळा दिपतो तो एकूण उजेड किती यापेक्षा तो किती लहान जागेतून येतो यामुळे.

हॉस्पिटलात मी त्याला हे सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "अरे, तुझा दिवा उंबरठ्यावरच होता, पण घराकडे पाठ करून."

आता टीकेकडे वळतो. बंगल्यांची छायाचित्रं छापणारी गुळगुळीत मासिकं आपण पाहता. सगळी छायाचित्रं एकाच वेळेची असतात, दिवस मावळून आभाळात निळाई उरलेली असते तेव्हाची, आणि सगळी रस्त्यावरून घेतलेली. झाडांच्या बुंध्यांशी वर तोंड केलेले दिवे, भिंतीवर उजेडाचे पट्टे. सुंदर दिसतं, मी नाकारत नाही. पण हा उजेड रस्त्यावरच्या कॅमेऱ्यासाठी आहे. हातात भाजीची पिशवी घेऊन किल्ली शोधणाऱ्या बाईसाठी त्यात काही नाही. त्या छायाचित्रांत कुलपाचं भोक दिसतं का, घराचा क्रमांक वाचता येतो का, एकदा पाहा. रात्री रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला तो क्रमांकच हवा असतो.

फ्लडलाइटची गोष्ट वेगळी. तो शोभेसाठी नसतो, संशयासाठी असतो. बेंथमने 1791 मध्ये आदर्श तुरुंगाचा आराखडा छापला, त्यात उजेडाची योजना अशी आहे की कोठडीतला कैदी दिसावा आणि पाहणारा त्याला दिसू नये. आपल्या दाराशी हेच चालतं. बाहेरचा चार हजार ल्युमेनमध्ये डोळे मिचकावत उभा, आतला अंधारात पीपहोलला डोळा लावून. कांटने 1795च्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात आतिथ्याबद्दल लिहिलं आहे. तिथे तो पाहुणचाराची गोष्ट करत नाही, हक्काची करतो. परक्याला जेवूखाऊ घालाच असं त्याचं म्हणणं नाही. शांतपणे आलेल्याला नुसता आला म्हणून शत्रूसारखं वागवू नका, एवढंच. तो बोलत होता देशांच्या सीमांबद्दल, मी बोलतोय आमच्या पाच पायऱ्यांबद्दल. प्रमाण वेगळं आहे, हे मान्य.

यावर कोणी म्हणेल, सर, तुमचं ठीक आहे, आमची आई एकटी राहते. बरोबर. दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे हे पाहायचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि या हक्कापुढे माझा कांट मी बाजूला ठेवतो. पण चेहराच पाहायचा असेल तर दिवा डोक्यावर नको. वरून पडलेल्या उजेडात कपाळ आणि नाक उजळतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या राहतात. सज्जनही दरोडेखोर दिसतो. आणि झगझगीत पट्ट्याच्या बाहेरचा कोपरा डोळ्यांना इतका काळा वाटतो, की खरा चोर तिथेच उभा राहील.

आमच्या गावच्या घरी दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत कोनाडे होते, खांद्याच्या उंचीवर. संध्याकाळी त्यात दिवा लागायचा. पाहुणा निघाला की आजोबा कंदील घेऊन सोबत जात आणि कंदील गुडघ्याशी धरत. डोक्याच्या उंचीवर कंदील धरून कोणी पायऱ्या उतरल्याचं मला आठवत नाही. जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही. रॉकेलचा वास यायचा, काच काजळायची, आणि त्या उजेडात विंचू दिसायचा नाही. पण दिवा कुठे धरायचा हे आजोबांना कळत होतं.

मग मी काय केलं? फ्लडलाइट काढला. मुलगा रागावला. दाराच्या दोन्ही बाजूंना, कपाळाच्या उंचीवर, दुधी काचेचे दोन दिवे लावले, 5-5 वॅटचे. रंग पिवळसर, 2700 केल्विन. दुकानदार 6500चा पांढराशुभ्र गळ्यात मारत होता, "स्वच्छ दिसतं" म्हणून. पांढऱ्यातल्या निळ्या भागावर किडे जास्त येतात, आणि वळीव झाल्यावर पंखवाली वाळवी दारात नको असेल तर पिवळाच बरा. पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तोंड खाली केलेले तीन छोटे दिवे बसवले. बल्ब दिसत नाही, फक्त पायरीची कड दिसते. पाऊस थेट लागतो म्हणून आयपी 65चे घेतले. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. एक सेन्सरही लावून पाहिला. मांजर गेलं की पेटायचा, आणि मी स्थिर उभा राहून कुलूप चाचपायला लागलो की विझायचा. काढून टाकला. सगळे मिळून आता 16 वॅट होतात.

मित्र आता वॉकर घेऊन चालतो. आमच्याकडे येत नाही, दर गुरुवारी मी त्याच्याकडे जातो. त्याच्या इमारतीच्या प्रवेशद्वारावर, बरोबर मधोमध, फ्लडलाइट आहे. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन पत्रं लिहिली आहेत, तिसरं लिहितो आहे.

माझी वेळ संपली. काही प्रश्न असतील तर घेऊ. आणि जाताना ज्येष्ठांनी कृपया कठडा धरून उतरा. मी येताना पाहिलं, या सभागृहाच्या पायऱ्यांवरचा दिवाही पाठीमागूनच आहे.