तीन तबकड्या आणि एक थप्पड

संगीतातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बी.कॉम. आहे. बँकेत बावीस वर्षं काढल्यामुळे माझ्या कानांना दोनच आवाज नक्की ओळखू येतात : एक नोटा मोजायच्या मशिनचा आणि दुसरा साहेबांच्या केबिनचं दार उघडल्याचा. तरीही आज मी समीक्षा लिहायला बसलो आहे. गाण्याची नव्हे, तबकडीची. गाण्यावर लिहायला कान लागतात. तबकडीवर लिहायला हिशेब पुरतो.

तबकडी बीटल्सची. 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड'. १९६७ च्या मे महिन्याच्या अखेरीस ही इंग्लंडात निघाली आणि मोठे काका तेव्हा बोटीवर असल्यामुळे त्याच वर्षी लंडनहून त्यांच्या ट्रंकेत बसून मुंबईला आली. आमच्या डोंबिवलीच्या घरात ती आली १९८८ साली. काका मुंबईतली जागा बदलत होते, म्हणून त्यांच्या रेकॉर्डांचं खोकं सहा महिने आमच्याकडे ठेवायला दिलं. आमच्याकडे तोवर बालगंधर्व, हिराबाई आणि भीमसेन यांच्याखेरीज कुणी उतरलेलं नव्हतं. त्यांच्या पंगतीत ही रंगीबेरंगी फौजी कोट घातलेली चौकडी म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादात आम्लेट.

"त्या खोक्याला हात लावायचा नाही," असं बाबांनी बजावलं. मी नऊ वर्षांचा होतो. आता नऊ वर्षांच्या मुलाला हात कशाला लावायचा नाही हे सांगणं म्हणजे हात कशाला लावायचा आहे याचा पत्ता देणं.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी ती काढली, आमच्या प्लेअरवर चढवली आणि दुसरी बाजू लावली. शेवटच्या गाण्याच्या शेवटी पियानोचा एक प्रचंड मोठा सूर येतो. तो विरत विरत इतका बारीक होतो, की कान प्लेअरला चिकटवावा लागतो. मी तो चिकटवला. सूर संपला. आणि एकदम त्या तबकडीतून माणसं बरळायला लागली! काहीतरी असंबद्ध, हसल्यासारखं, उलटसुलट. आणि तेच पुन्हा. आणि तेच पुन्हा. मला वाटलं, आपण काहीतरी मोडलं. सुई उचलायचं धाडस होईना. नेमके त्याच वेळी बाबा दारात उभे.

"ओरखडा पाडलास ना?" एवढंच म्हणाले. बाकीचं त्यांच्या उजव्या हाताने सांगितलं.

काका परत आले तेव्हा बाबांनी मान खाली घालून रेकॉर्ड बिघडल्याचं सांगितलं. काका म्हणाले, "असू दे रे, तुमच्याकडेच राहू दे." बाबा भरपाई म्हणून भीमसेनांची एक एलपी त्यांच्या घरी नेऊन देऊन आले. काकांनी ती ठेवून घेतली. पण त्यानंतर त्यांच्याकडची रेकॉर्ड कधी आमच्या घरी आली नाही. थोडक्यात, माझ्या नावे एक थप्पड, एक भीमसेन आणि एक काका एवढी नावे बाजू पडली आणि खातं तसंच बंद झालं.

ते पुन्हा उघडायला कारण झाला शेजारच्या काउंटरवरचा मित्र. अलीकडे तबकड्यांची हौस परत आली आहे. या गृहस्थाने बोनसमधून प्लेअर घेतला आणि तेव्हापासून कर्जाचे फॉर्म तपासता तपासता तो 'प्रेसिंग' या विषयावर बोलू लागला. त्याच्याकडे पेपरच्या दोन प्रती होत्या : एक इंग्लंडची स्टिरिओ, एक अमेरिकेची स्टिरिओ, दोन्ही त्याच काळातल्या. माझ्याकडे काकांची आहे म्हटल्यावर त्याने मला चहा पाजला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी ठाण्याला त्याच्या घरी बैठक ठरली. मी बाबांना बरोबर घेतलं, कारण आमच्या घरात सुराचं कळणारे तेवढेच. ऐंशीव्या वर्षीही सकाळी पेटी काढून बसतात. आणि मुलीला नेलं, कारण तिला घरी ठेवलं असतं तर तिने अभ्यास केला नसता.

आता इथे थोडा हिशेब सांगणं भाग आहे. आधी टेपवरून एका नरम तबकडीवर खाचा कोरतात. तिच्यावर धातू चढवून तिचा उलटा ठसा घेतात, त्याला धंद्यात म्हणतात बाप. बापावरून सुलटी निघते ती आई. आईवरून पुन्हा उलटे ठसे काढतात आणि त्या ठशांमध्ये दाबून बाजारात येते ती आपली रेकॉर्ड. म्हणजे दुकानातली प्रत्येक प्रत ही नातवंडं-पतवंडं यांच्यात मोडते, आणि कुठलं नातवंड आजोबांवर जास्त गेलंय यावर जगभर लोक भांडत असतात. इंग्लंडच्या हेझ गावच्या कारखान्यात तर कितवा ठसा हे सांगायला गुप्त लिपी होती. इंग्रजी 'ग्रामोफ लि.' या अक्षरांतली जी म्हणजे एक, आर म्हणजे दोन, ए म्हणजे तीन, असं करत डी म्हणजे शून्य. आमच्या पेठेतला कापडवाला खरेदीची किंमत अशीच अक्षरांत लिहायचा. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत मित्राने भिंग धरून काकांच्या प्रतीवर 'एक्सईएक्स ६३७-१' वाचलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली. "मोनो!" तो पुटपुटला, "पहिली कोरणी!"

मोनो म्हणजे जुनाट, असं मी समजत होतो. तसं नाही. १९६७ साली इंग्लंडात बहुतेकांकडे एकच स्पीकर, म्हणून बीटल्सचे चौघेही बसले ते मोनोच्या मिश्रणाला, आणि तिथे दिवसच्या दिवस घालवले. स्टिरिओचं काम मागाहून जॉर्ज मार्टिन आणि तंत्रज्ञ यांनी थोड्या दिवसांत उरकलं. म्हणजे आज जगात जी प्रत जास्त वाजते तिला मालकांची सही नाही.

आधी काकांची मोनो लागली. चरचर होती, पण मित्राने प्लेअरवरचं मोनोचं बटण दाबलं आणि अर्धीअधिक गेली. मोनोत गाणं फक्त सुईच्या आडव्या हालचालीत असतं. उभी जी हालचाल होते ती धुळीची, ती बटण गाळून टाकतं. अशी गाळणी आमच्या ब्रँच मीटिंगला बसवता आली तर! मग कळलं की आवाज एका मुठीत धरल्यासारखा आहे. ढोल, गिटार, गळा सगळं एकमेकांना टेकून. शेवटाआधी मुखगीत पुन्हा येतं, तेव्हा लोकांचा गलका आणि गाणाऱ्याच्या आरोळ्या या प्रतीत थेट अंगावर येतात.

मग इंग्लंडची स्टिरिओ. खोली मोठी झाली. मंडळी लांब लांब बसली, लग्नात भांडलेल्या दोन व्याह्यांसारखी. शेवटच्या गाण्यात गाणाऱ्याचा आवाज एका कोपऱ्यातून हळूहळू दुसऱ्या कोपऱ्यात सरकतो. ऐकायला गंमत वाटते. पण गाण्यातला माणूस उदास आहे, तो भिंतीभिंतीने का फिरतो हे कळत नाही. 'लूसी इन द स्काय' मध्ये मोनोतला आवाज जसा पाण्याखालून आल्यासारखा हेलकावतो, तसा इथे हेलकावत नाही.

एवढ्यात बाबा बोलले. सकाळपासून पहिल्यांदा. "हे घर सोडून गेलेल्या मुलीचं मघाशी पांढरी चारमध्ये होतं. आता पांढरी तीनमध्ये आहे."

मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. 'शी इज लीव्हिंग होम' मोनोत जलद चालीवर ठेवलंय आणि त्यामुळे सुमारे अर्ध्या सुराने वर गेलंय, हे तो पुस्तकं वाचून शिकला होता. बाबांना इंग्रजी शब्द निम्मेच कळले असतील; पण पट्टी बदललेली त्यांनी सोडली नाही. मला विचाराल तर ते गाणं पांढरी चारमध्येच बरं. तीनमध्ये ते रडकं होतं. चारमध्ये मुलगी खरंच घराबाहेर पडते.

तिसरी अमेरिकेची. टेपची प्रत मागवून तिथल्या कंपनीने ती आपल्याकडे कोरली होती. स्वच्छ, नीटनेटकी, इस्त्री केलेली. तक्रार करायला जागा नाही आणि आठवण ठेवायलाही नाही. शेवटचा पियानो आला. तीन पियानो आणि एक हार्मोनियम एकदम दाबून तो सूर काढला आहे, आणि तो विरत जाईल तसा तंत्रज्ञांनी ध्वनिमुद्रणाचा आवाज वाढवत नेला. (हार्मोनियम म्हटल्यावर बाबा सावरून बसले.) सूर संपला. शांतता. सुई मुकाट्याने मध्ये गेली.

"बघ," मी बाबांना म्हणालो, "चांगल्या रेकॉर्डमध्ये बरळणं नाही." सदतीसेक वर्षांनी गुन्हा कबूल केला म्हणा ना. बाबांनी फक्त मान हलवली.

"कसलं बरळणं?" मित्र म्हणाला आणि त्याने इंग्लंडची स्टिरिओ परत लावली, अगदी शेवटी.

सूर विरला. मुलगी एकदम कानांवर हात ठेवून ओरडली, "शिट्टी!" आम्हा तिघांना काहीच ऐकू आलं नाही. मित्र हसला. तिथे सुमारे पंधरा हजार कंपनांचा एक बारीक आवाज घातला आहे, कुत्र्यांना ऐकू यावा म्हणून. लहान मुलांनाही येतो. चाळिशी उलटली की त्याला आपण बाद. प्रेसिंगच्या बारकाव्यांवर दोन तास चर्चा करणाऱ्या समीक्षकांची पात्रता एका अकरा वर्षांच्या मुलीने अशी दोन सेकंदांत काढली.

आणि मग माणसं बरळायला लागली. तीच. तेच असंबद्ध, तसंच हसल्यासारखं, दर १.८ सेकंदांनी पुन्हा. मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, हा भागाकार मी तिथल्या तिथे केला. मग काकांची लावली. अक्षर न अक्षर तेच! दोन वेगवेगळ्या प्रतींवर एकच ओरखडा पडू शकत नाही. तो ओरखडा नव्हताच. एप्रिल १९६७ मध्ये बीटल्सनी स्टुडिओत उभं राहून ते मुद्दाम रेकॉर्ड केलं आणि शेवटच्या बंद खाचेत कोरून ठेवलं. आपोआप सुई उचलणाऱ्या प्लेअरवर ते क्षणभरच यायचं. काकांचा प्लेअर तसा होता. आमचा नव्हता, तो कुणीतरी उठेपर्यंत बरळणार होता. अमेरिकेच्या कंपनीने ते आणि ती शिट्टी, दोन्ही गाळलं होतं. म्हणजे जी मला निर्दोष वाटली, तीच अपुरी निघाली.

माझी समीक्षा एवढीच. एक वही स्वतःशी नेहमीच जुळते. चूक कुठली आणि मूळ नोंद कुठली, हे दुसरी वही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. ज्यांना आरामात ऐकायचंय त्यांनी २०१७ सालचं नवं स्टिरिओ मिश्रण घ्यावं. जॉर्ज मार्टिन यांच्या मुलाने, जाइल्स मार्टिन याने, मोनोच समोर ठेवून ते केलं आहे. ज्यांना मालकांची सही हवी त्यांनी इंग्लंडची मोनो शोधावी आणि चरचर सोसावी.

तिथूनच काकांना फोन लावला. ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, "म्हणजे भीमसेन माझ्याकडे फुकटच आले म्हणायचे! रविवारी घेऊन येतो. तुझ्या त्या बरळणाऱ्यांनाही ऐकीन म्हणतो."

एक भीमसेन जमा. एक काका जमा. राहता राहिली एक नोंद. मी बाबांकडे वळलो आणि शक्य तितक्या आदराने विचारलं, "मग बाबा, त्या थप्पडीचं काय?"

बाबांनी तबकडी कडेने धरून पाकिटात घातली आणि म्हणाले, "ती ओरखड्याची नव्हती. न विचारता लावलीस, त्याची होती."