गोंगाटाची जवारी

आपल्या मंडळात सध्या दोन पक्ष आहेत, एक तंबोऱ्याचा आणि दुसरा डिस्टॉर्शनचा. पहिला कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसतो. दुसरा शर्कमधल्या फ्लॅटमध्ये दार लावून, हेडफोन घालून नू-मेटल वाजवतो. माझ्या मते दोघांचे कान एकाच गोष्टीमागे धावताहेत.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी कशी काढतो, आठवा. घोडीचा माथा घासायचा, तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवायचा, की एका सुरातून उपस्वरांचा झोत मोकळा होतो. (मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.) हाय-गेन अँप्लिफायर हेच काम विजेने करतो. तो ध्वनिलहरींचे माथे छाटतो आणि त्यातून नवे उपस्वर फुटतात. दोन स्वर एकत्र दिले, तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येतात. ११० आणि १६५ हर्ट्झ, म्हणजे सा आणि प, दिले की ५५ निघतो, तो खालचा सा. म्हणूनच तिथे षड्ज-पंचमाची जोडी शोभते आणि गंधार घातला की चिखल होतो. जाड तार ई वरून डी वर उतरवली, तर एका बोटात सा-प-सा! पंचमातला तंबोरा याहून वेगळे काय म्हणतो?

आता सेटिंग. आमची मुले मिडल शून्यावर नेतात. बास, ट्रेबल आणि गेन टोकाला. खोलीत एकट्याने वाजवताना हा आवाज राजेशाही वाटतो. ड्रम्स आणि बास गिटार आले की मात्र गिटार गायब! ढोल-ताशा पथकात सगळेच ढोल घेतले, तर ठेका कोण ऐकवणार? ताशाचे काम इथे मिडलने करायचे असते. बास डिस्टॉर्शनच्या आधी कापावा, नंतर नव्हे. गेन मनाला वाटतो त्याहून कमी ठेवावा आणि भरीवपणासाठी तोच तुकडा दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवावा. कुवेतच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही गेन वाढवला की तेवढीच वाढते. ती जवळजवळ जी स्वरात असते, पण त्याला साथसंगत म्हणत नाहीत.

कॉर्नने १९९४ च्या पहिल्या अल्बमात सात तारांची गिटार ५५ हर्ट्झच्या ए पर्यंत खाली आणली. आवाज ओबडधोबड आहे, पण त्यात खरी भीती आहे. लिंकिन पार्कचा २००० चा 'हायब्रिड थिअरी' कितीतरी नीटनेटका. प्रत्येक गिटार कापून, शिवून बसवलेली. शिकायला हा उत्तम, ऐकायला मला पहिलाच आवडतो. दिल्लीच्या ब्लडीवूडचा 'रक्षक' (२०२२) ऐकताना मात्र मन दुभंगते. ढोल, बासरी आणि नू-मेटल ही कल्पना झकास, पण काही ठिकाणी गिटार इतकी ठासून भरली आहे की ढोलाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. गिटारचा बास थोडा उतरवला असता, तर ढोलानेच तो भरून काढला असता.

असो. कार्यकारिणीला एक विनंती. यंदा मुलांच्या बँडला स्टेजवर पाच मिनिटे द्याल, तर आधी साउंड चेकला अर्धा तासही द्या. तंबोरे लावायला आपण तेवढा देतोच.