मॉरिशसची वृत्तपत्रे आणि तेथील मतदार

निवडणुकांच्या इतिहासाचे साधन म्हणून वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांचा आधार घेण्याची प्रथा सर्वत्र रूढ आहे. परंतु ज्या देशात घरची भाषा एक, छापखान्याची दुसरी आणि राज्यकारभाराची तिसरी, तेथे वृत्तपत्राला लोकमताचा आरसा मानणे कितपत युक्त होय? या प्रश्नाच्या विचारासाठी मॉरिशसचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे.

या बेटावर १८३२ साली आद्रियाँ द'एपिने यांनी 'ल सेर्नेएँ' हे फ्रेंच पत्र काढले. ऊसमळ्यांच्या मालकांचे मुखपत्र म्हणून ते दीडशे वर्षे, म्हणजे १९८२ पर्यंत, चालले. मजुरांची बाजू मांडण्यासाठी मणिलाल डॉक्टर यांनी १९०९ मध्ये 'हिंदुस्थानी' सुरू केले, तर १९४० मध्ये मजूर पक्षाला अनुकूल असे 'अॅडव्हान्स' निघाले. तथापि राजकीय वादाची प्रधान भाषा फ्रेंचच राहिली. मळ्यांतील मजूर मात्र क्रिओल व भोजपुरी बोलत होते.

१९४७ च्या राज्यघटनेने ही विसंगती अधिकच उघड केली. वसाहतीत प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत साधे लिहितावाचता येणाऱ्यास मताधिकार मिळाला, आणि मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७० हजारांच्या पुढे गेली. विष्णुदयाल बंधूंच्या जनआंदोलनाने गावोगावी हिंदी अक्षरओळख शिकवून १९४८ च्या निवडणुकीसाठी मतदार तयार केले. अर्थात ज्या देवनागरी अक्षरांनी त्यांना मताचा हक्क मिळवून दिला, त्या अक्षरांच्या बळावर प्रमुख दैनिकांतील वाद वाचणे त्यांना शक्य नव्हते.

शिवसागर रामगुलाम 'अॅडव्हान्स'मध्ये 'थम्ब मार्क टू' या टोपणनावाने लिहीत. अंगठ्याच्या ठशाचे हे नाव निरक्षराच्या वतीने बोलण्याचा दावा करते. पण असा ठसा उमटवणारा मनुष्य त्या लेखाचा वाचक होऊ शकत नव्हता. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर या पत्रांत मतदार बहुधा तृतीय पुरुषीच आढळतो. त्याच्याविषयी बोलले जाते, त्याच्याशी नव्हे.

१९५९ मध्ये प्रौढ मताधिकार आला. ७ ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडीस सुमारे ५६ टक्के मते व ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या. विरोधी पक्षास ४४ टक्के व २३. स्वातंत्र्यास 'ल सेर्नेएँ'चा विरोध होता, तर १९६३ मध्ये निघालेल्या 'लेक्सप्रेस'चा पाठिंबा. दोन्ही पत्रे प्रामुख्याने फ्रेंचच. म्हणजे हा वाद एकाच सुशिक्षित वर्गाच्या अंतर्गत चालला होता. गावांतील मताची जडणघडण बैठकांत व जाहीर सभांत होत होती. १९७० च्या पोटनिवडणुकीत विजयी झालेले देव विराहसामी हे स्वतः भाषाशास्त्राचे अभ्यासक. क्रिओलला 'मोरिसियन' म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता. आणि त्यांच्या पक्षाच्या सभांची भाषाही तीच होती.

मग वृत्तपत्रांचा प्रभाव नगण्य होता काय? तसे म्हणता येत नाही. मतदारांच्या गटांना नावे देण्याचे व ती नावे रूढ करण्याचे काम त्यांनी केले. १९६८ च्या राज्यघटनेने हिंदू, मुसलमान, चिनी व 'सर्वसाधारण लोकसंख्या' असे चार समाज मानले आणि त्यांच्या आधारे आठ अतिरिक्त जागांची तरतूद केली. कोकणाकडून गेलेल्या मराठी भाषकांची गणना या योजनेत 'हिंदू'मध्येच होते. त्यांच्या सार्वजनिक जीवनात मात्र मराठी ही स्वतंत्र ओळख जपली जाते. 'हिंदू मते' असा एकजिनसी शब्दप्रयोग जेव्हा वृत्तपत्रे करतात, तेव्हा हा भेद झाकला जातो.

तात्पर्य, या पत्रांच्या संचिकांवरून सुशिक्षित वर्गाला मतदार कसा दिसत होता, ते कळते. मतदाराचे स्वतःचे बोलणे शोधावयाचे असेल, तर अभ्यासकास क्रिओल व भोजपुरी भाषणे, गीते व मौखिक आठवणी यांकडे वळावे लागेल. ते बोलणारे वृद्ध आज झपाट्याने कमी होत आहेत. म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.