डावपेचांचें अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या पदवीवर्गांत खेळ-सिद्धांत शिकवावयास घेतला, कीं पहिल्या दिवशीं वर्ग हंसतो आणि दुसऱ्या दिवशीं झोपतो, असा हिंगोलीसारख्या गांवीं माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. नांव खेळाचें, आणि फळ्यावर नुसते आंकड्यांचे चौकोन! 'डाव' हा आपला शब्द अधिक सार्थ होता. पण परिभाषा ठरवितांना आम्हांस कोणी विचारीत नाहीं. असो.

या संकटांत मला उपयोगीं पडलेलें पुस्तक म्हणजे अविनाश दीक्षित व बॅरी नेलबफ यांचें 'थिंकिंग स्ट्रॅटेजिकली' (१९९१). दीक्षितांचा जन्म १९४४ सालीं मुंबईस झाला. या शास्त्राचा फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनीं लिहिलेला आद्य ग्रंथहि त्याच सालचा. बीजगणिताचा फारसा आधार न घेतां ग्रंथकार एकच संवय लावूं पाहतात: प्रतिपक्ष पुढें काय करील हें पाहून, शेवटापासून उलट विचार करीत आपली चाल ठरवावी. विवेचन प्रसन्न आहे. उदाहरणें मात्र बहुधा अमेरिकेंतील मैदानांचीं व कचेऱ्यांचीं, त्यामुळें आमचा विद्यार्थी तेथें परकाच राहतो.

म्हणून मीं वर्गास हळदीच्या लिलावाचें उदाहरण घातलें. ढिगाभोंवतीं चार खरेदीदार उभे आहेत, आणि एकमेकांवर बोली चढवावयाची नाहीं असें त्यांनीं आपसांत ठरविलें आहे, अशी कल्पना करा. भाव चोरून ठेवणारी बंद पाकिटांतील बोली बरी, कीं चारचौघांदेखत पुकारलेली? सारा वर्ग एकमुखानें म्हणाला, "उघडी!" शास्त्र उलट सांगतें. उघड्या बोलींत जो करार मोडतो, तो तत्क्षणीं ओळखूं येतो. बाकीचे त्याच ढिगावर बोली चढवून त्याचा लाभ हिरावून घेतात. मोडण्यांत कांहींच मिळत नसल्यानें करार टिकतो. बंद पाकिटांत मात्र किंचित् अधिक भाव लिहिणारा तो ढीग घेऊन जातो, आणि सोबत्यांस तें मागाहून कळतें. या भीतीनेंच त्यांची एकजूट ढिली होते. उघडेपणा शेतकऱ्याच्या रक्षणास आहे असें आपण समजतों. पण अशा प्रसंगीं तो खरेदीदारांचा पहारेकरी होतो. त्या दिवशीं कोणी झोपलें नाहीं.

पुस्तकावर माझा खरा आक्षेप निराळा आहे. माघारीचे पूल जाळून टाकावे म्हणजे प्रतिपक्षास आपला निर्धार पटतो, हा विचार ग्रंथकार मोठ्या रंगानें मांडतात. यावर वसमतकडील एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमचा पूल पेरणीआधींच जळालेला असतो, तरी भाव पाडूनच मागतात." मी क्षणभर निरुत्तर झालों. उत्तर पुस्तकांत आहे, पण सौद्याच्या प्रकरणांत: ज्याला थांबणें परवडतें त्याचा वांटा मोठा. या दोन प्रकरणांची गांठ ग्रंथकारांनीं जितकी घट्ट बांधावयास हवी होती तितकी बांधलेली नाहीं. शिजवून वाळविलेली हळद महिनोन्महिने टिकते. टिकत नाहीं तो शेतकऱ्याचा धीर, कारण देणेकरी दारांत उभा असतो. वखारींत माल तारण ठेवून उचल मिळाली, तर त्याच्या 'नाहीं' या शब्दास प्रथमच वजन येतें; आणि तो थांबूं शकतो हें खरेदीदारास ठाऊक असलें, तर बहुधा थांबण्याची वेळहि येत नाहीं.

यंदा परीक्षेंत मीं हाच प्रश्न घातला आहे. उत्तरपत्रिका अजून तपासावयाच्या आहेत.