कागदाला सांधा कुठे असतो?

कटआउट अॅनिमेशन करायला निघालेली मुलं हमखास विचारतात, प्रेरणा कुठून घ्यायची? आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगतात, सर, आम्ही वारली घेतोय. (हशा)

हसू नका. वारली घेण्यात गैर काही नाही. माझी तक्रार आहे ती त्यातलं काय घेतात याबद्दल. गेरूचा रंग घेतात, पांढरी रेघ घेतात, तारपा तर घेतातच. आणि मग त्या आकृत्या संगणकावर अशा वळवतात, जणू रबराच्याच आहेत. अहो, वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. कमरेतला सांधा त्या चित्रात आधीच दिलेला आहे! तिथे एक टाचणी टोचली की माणूस वाकायला लागतो. एवढी आयती गोष्ट सोडून आपण नुसता रंग उचलतो.

आता लोटे रायनिगर या जर्मन बाईंकडे बघा. त्यांचा प्रिन्स आखमेदवरचा चित्रपट १९२६ सालचा, तासाभराहून थोडा मोठा. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कापून, तारेने सांधे जोडलेल्या बाहुल्या. काचेखालून उजेड, वरून कॅमेरा, एकेक चौकट. पात्रांचे चेहरे काळेठिक्कर, भाव दाखवायला जागाच नाही. म्हणून सगळा अभिनय मान, मनगट आणि बोटांत उतरला. गोष्ट अरेबियन नाइट्सची. त्यातला आफ्रिकी जादूगार आणि चिनी दरबार आज मला फार ठोकळेबाज वाटतात, हेही सांगून टाकतो. पण मान कलण्याची ती पद्धत! ती कुठल्या पुस्तकातून आलेली नाही, कात्रीतून आली आहे.

युरी नॉर्स्टाइनचं उदाहरण त्याहून साधं. ‘हेजहॉग इन द फॉग’, १९७५, जेमतेम दहा मिनिटांची फिल्म. तिच्यातलं धुकं कशाचं आहे? अतिशय पातळ कागदाचं. पात्रावर कागद ठेवायचा आणि चौकटीगणिक तो थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचलायचा. पात्र विरत जातं. धुक्याचं चित्र कुणी काढलेलंच नाही.

आणि आपल्याकडे? कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथले ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या उजेडापुढे धरून पडद्यावर खेळवतात, म्हणजे रायनिगरबाईंचे सख्खे नातेवाईकच म्हणा. पण मला जास्त मोह पडतो तो त्यांच्या चित्रकथीचा. सुटी चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि कथा गायची. चित्र जागचं हलत नाही. गाणारा पुढे जातो, आणि आपल्याला वाटतं रथ निघाला.

चित्रकथीवरून ‘प्रेरित’ म्हणवणाऱ्या फिल्म बघताना मी इथेच अडतो. प्रत्येक डोळा मिचकावतो, प्रत्येक पदर फडफडतो, घोडा तर थांबतच नाही. ज्या कलेची ताकद चित्र स्थिर ठेवण्यात आहे, तिच्याकडून उसना घेतला तो फक्त चेहऱ्याचा आकार. एखाद्याने वीस सेकंद काहीही न हलवता नुसता आवाज चालू ठेवला असता तर? सॉफ्टवेअर हातात असताना हे धाडस होत नाही, हे मला समजतं. पण गुण द्यायची वेळ आली की मी त्या वीस सेकंदांनाच देईन.

बरं, आता पिंगुळीच्या बाहुल्यांची चित्रफीत लावू या. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून.